‘वजन वाढवा’ म्हणता, मग तिचे ताट कुठे आहे?

‘सकस आहार घ्या, भरपूर खा, वजन वाढवा.’ क्षयरोगाची औषधे सुरू झालेल्या बाईला दवाखान्यात हमखास मिळणारा हा सल्ला. सल्ला चुकीचा नाही. तो किती खरा आहे हे मी पुढे सांगणारच आहे. माझे भांडण आहे ते त्यातल्या आज्ञार्थाशी. ‘खा’ म्हणताना असे गृहीत धरलेले असते की खाणे ही त्या बाईच्या हातातली गोष्ट आहे. ती खात नाही म्हणजे तिला कळत नाही, ती हट्टी आहे, नाहीतर तिला जिवाची पर्वा नाही. दोन महिन्यांनी वजनाचा काटा होता तिथेच राहिला की जाब तिलाच विचारला जातो : ‘‘काय हो बाई, सांगितलं होतं ना खायला?’’ आणि बाई मान खाली घालते.

गेली नऊ वर्षे मी मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या वस्त्यांमध्ये समाजकार्यकर्ती म्हणून काम करते आहे. औषधांमुळे अन्नाचा वास नको झालेल्या, ताटावरून उठून जाणाऱ्या बायका मी पाहिल्या. पण पोटभर समोर आले, निवांत बसून खायची मुभा मिळाली आणि तरीही महिनोन्‌महिने वजन वाढले नाही, अशा बायका फार थोड्या. अशा वेळी औषध लागू पडते आहे का, साखरेचा आजार तर नाही ना, हे तपासावे लागते. बाकीच्यांच्या बाबतीत तपासायची असते ती घरातली वाटणी. ती कोणी तपासत नाही.

बारीक, नाजूक दिसण्याची जी सक्ती जाहिराती आणि सिनेमे बायकांवर करतात, तिच्याविरुद्ध आपण पुष्कळ बोललो, लिहिले. ते योग्यच होते. पण या देशात दुसरीही एक बाई आहे. तिला बारीक व्हायचे नाही. ती आजाराने आणि उपासमारीने वाळत चालली आहे, आणि चार किलो अंगावर चढले तर ती जगणार आहे. तिच्या वजनाचा प्रश्न आहारतज्ज्ञांवर सोडून आपल्याला चालणार नाही. तो आपला, म्हणजे स्त्रीचळवळीचा प्रश्न आहे.

चौतीस किलोची बाई

छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ गनियारी येथे जन स्वास्थ्य सहयोग ही संस्था काम करते. तेथे २००४ ते २००९ या काळात आलेल्या क्षयरोग्यांची वजने डॉक्टरांनी नीट मांडून २०१३ साली प्रसिद्ध केली. पुरुषांचे मध्यम वजन भरले ४२.१ किलो आणि स्त्रियांचे ३४.१ किलो. मध्यम ते तीव्र कुपोषण पुरुषांमध्ये ६७ टक्के, स्त्रियांमध्ये ८० टक्के. एकच आजार, एकच गरिबी, तरीही बाई अधिक वाळलेली.

३४ किलो म्हणजे काय हे समजण्यासाठी एक साधा हिशोब प्रत्येक कार्यकर्तीने शिकून घ्यावा. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचे. येणाऱ्या आकड्याला बीएमआय म्हणतात. तो १८.५ च्या खाली गेला की वजन कमी, १६ च्या खाली गेला की कुपोषण तीव्र. दीड मीटर, म्हणजे साधारण चार फूट अकरा इंच उंचीची बाई घ्या. तिचे वजन ४१ किलो ६०० ग्रॅमच्या खाली असेल तर ते कमी. ३६ किलोच्या खाली असेल तर परिस्थिती गंभीर. आणि साडेएकतीसच्या खाली असेल तर तिला घरी पाठवायचेच नाही, दवाखान्यात दाखल करायचे. इतक्या खंगलेल्या शरीरावर एकदम जेवणाचा मारा केला तर तोही जिवावर बेतू शकतो. अन्न हळूहळू आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच वाढवावे लागते.

हे फक्त परराज्यातल्या दूरच्या खेड्याचे चित्र आहे असे कोणी समजू नये. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी २०.८ टक्के स्त्रियांचे वजन उंचीच्या मानाने कमी आढळले. ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयाच्या. त्याआधीच्या पाहणीत रक्तक्षयाचा आकडा ४८ टक्के होता. म्हणजे तो वाढला. आजार येण्याच्या आधीच शरीर रिकामे असते. आजार फक्त ते काट्यावर दाखवून देतो.

गोळी आणि भाकरी

‘आता चांगली औषधे आहेत, खाण्यापिण्याचे एवढे काय?’ असे म्हणणारे सुशिक्षित लोक भेटतात. या म्हणण्याला एक इतिहास आहे. औषधे नव्हती तेव्हा क्षयरोगावर उपचार म्हणजे सॅनेटोरियम : मोकळी हवा, विश्रांती आणि सकस अन्न. मग औषधे आली. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात मद्रासला एक प्रसिद्ध प्रयोग झाला. काही रुग्णांना सॅनेटोरियममध्ये ठेवले, काहींना घरीच औषधे दिली. घरच्या रुग्णांचे अन्न निकृष्ट होते आणि त्यांचे वजनही कमी वाढले. पण रोग बरा होण्याचे प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखे निघाले. निष्कर्ष १९५९ साली प्रसिद्ध झाले आणि जगभर घरच्या घरी उपचारांचा मार्ग मोकळा झाला.

हे चांगलेच झाले. वर्षभर घर सोडून सॅनेटोरियममध्ये राहायचे म्हणजे बाईने संसारावर पाणी सोडायचे. पण या प्रयोगातून धोरणकर्त्यांनी सोयीचा धडा घेतला : गोळी दिली की सरकारचे काम संपले, अन्नाचे ज्याचे त्याने पाहावे. थुंकीतले जंतू गेले का, एवढाच प्रश्न उरला. ती बाई उठून उभी राहिली का, कामाला लागली का, तिची पोरे आजारी पडली का, हे प्रश्न कार्यक्रमाच्या तक्त्यातून बाहेर पडले.

ते परत आणायला साठ वर्षे लागली. ऑगस्ट २०१९ ते ऑगस्ट २०२२ या काळात झारखंडच्या चार जिल्ह्यांत डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘रेशन्स’ नावाचा अभ्यास केला. २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरातली १०,३४५ माणसे. प्रत्येक रुग्णाला दरमहा १० किलोचा शिधा मिळाला. दिवसाला १,२०० कॅलरी आणि ५२ ग्रॅम प्रथिने जास्तीची पोटात जातील असा. निम्म्या रुग्णांच्या घरच्यांनाही तांदूळ-डाळ दिली, उरलेल्यांच्या घरच्यांना दिली नाही. सुरुवातीला ८२ टक्के रुग्णांचे वजन कमी होते, जवळपास निम्म्यांचे कुपोषण तीव्र होते. २०२३ साली निष्कर्ष आले. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन ५ टक्के वाढले त्यांचा मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी. आणि ज्या घरांत सगळ्यांना शिधा मिळाला तेथे घरच्यांना नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले.

पाच टक्के म्हणजे किती? ३६ किलोच्या बाईला १ किलो ८०० ग्रॅम. जगणे आणि मरणे यांत दोन किलोचेही अंतर नाही. म्हणून म्हणते, ‘वजन वाढवा’ हा सल्ला खराच आहे. पण ज्या अभ्यासाने तो सिद्ध केला, त्याने लोकांना सल्ला दिला नव्हता. त्याने शिधा दिला होता!

शेवटचे ताट

आता घरात या. सकाळी पाण्याच्या रांगेपासून बाईचा दिवस सुरू होतो. चहा-बटर तोंडात टाकून ती कामाला लागते. दुपारी मुलांचे झाल्यावर, रात्री नवरा-दीर-सासऱ्यांचे झाल्यावर ती बसते. तोवर पातेल्यात आमटीचे पाणी उरलेले असते, डाळ खाली गेलेली म्हणजे आधीच्यांच्या ताटात गेलेली असते. अंडी आणली तर चार आणतात. नवऱ्याला दोन, मुलाला एक, आणि उरलेले एक ‘‘तू घे, तू घे’’ करत शेवटी मुलीलाही मिळत नाही, मुलालाच जाते. हे कोणी दुष्टाव्याने करते असे नाही. सासूने सुनेला शिकवले, तिला तिच्या सासूने. वाढणारीच्या हातात पळी असते, पण तिच्या स्वतःच्या ताटावर तिची सत्ता नसते.

आजार आला की या वाटणीत फरक पडतो, पण तो उलट्या दिशेने. तिचे ताट-वाटी-पेला वेगळा काढतात. तिला स्वयंपाकघराच्या बाहेर, दाराशी वाढतात. क्षयरोग ताटा-वाटीतून पसरत नाही. तो फुप्फुसाचा असेल तर खोकल्यातून, हवेतून पसरतो. घरात वारे खेळते ठेवणे, खोकताना तोंडावर पदर धरणे आणि औषधे न चुकवणे हेच त्यावरचे उपाय. वेगळ्या ताटाने कोणाचेही रक्षण होत नाही. होते एवढेच की ती सगळ्यांच्या मागून, एकटी आणि कमी जेवते. ‘‘आणखी एक भाकरी दे’’ असे दाराबाहेरून ओरडून सांगण्यापेक्षा तिला उपाशी उठणे सोपे वाटते.

त्यात उपवासांची भर. सोमवार, गुरुवार, संकष्टी, हरितालिका, नवरात्र. माझ्या कामाच्या वस्तीत निम्मी घरे मुसलमानांची आहेत, तेथे रमजान. आजाऱ्याला सूट दोन्ही धर्मांनी दिलेली आहे. पण ही सूट पुरुष सहज घेतो, बाईला ती मागून घ्यावी लागते. नवऱ्याच्या आयुष्यासाठी उपवास करणाऱ्या, पस्तीस किलोच्या एका बाईला मी विचारले होते, ‘‘तुमच्यासाठी कोण करतं?’’ ती म्हणाली, ‘‘ताई, बायकांसाठी उपास कुठं असतो?’’

विश्रांती हाही आहार

वजन वाढवण्याचे गणित दोन बाजूंचे आहे : आत काय जाते आणि बाहेर काय खर्च होते. आपण पहिल्या बाजूबद्दलच बोलतो. आजाराने शरीर आधीच स्वतःचे मांस जाळत असते. तापात तर जास्तच. त्यात दहा हंडे पाणी, कपडे, धुणीभांडी, दुसऱ्यांच्या घरची कामे, रात्री बसून मणी ओवणे किंवा जरीचे काम. दिवसभरात मोठ्या मुश्किलीने वाढवलेला खुराक पाण्याच्या रांगेतच संपतो.

पुरुषाला क्षय झाला की त्याची बायको कामावर जाते, घर सांभाळते, त्याला वेळेवर गोळ्या देते आणि वर अंडे उकडून देते. बाईला क्षय झाला की तिला माहेरी पाठवतात. आजारी नवऱ्याला बायको असते. आजारी बायकोला माहेर असते, असले तर. आणि माहेरच्या रेशनकार्डावरून तिचे नाव लग्नानंतर कमी झालेले असते, सासरच्या कार्डावर चढलेले नसते. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने घरातली १८ वर्षांवरची सर्वांत मोठी स्त्री रेशनकार्डापुरती कुटुंबप्रमुख ठरते. कागदावर प्रमुख, पंगतीत शेवटची!

मग खायचे काय?

‘सकस आहार’ म्हटले की बायकांच्या डोळ्यांसमोर सफरचंद, काजू-बदाम आणि डबाबंद पावडर येते, आणि ‘ते आपल्याला कुठले परवडणार’ म्हणून विषयच संपतो. म्हणून हे नीट सांगायला हवे.

थोड्या खाण्यात जास्त ताकद मिळाली पाहिजे, कारण भूक नसते. त्यासाठी शेंगदाणा, गूळ, तेल, डाळ आणि अंडे यांच्याइतके स्वस्त आणि कामाचे दुसरे काही नाही. हिशोब पाहा. ५० ग्रॅम शेंगदाणे, म्हणजे दोन लहान मुठी, २० ग्रॅम गूळ, जेवणावर वरून घातलेले दोन चमचे तेल आणि एक अंडे. एवढ्याच्या ५०० च्या वर कॅलरी आणि १८-१९ ग्रॅम प्रथिने होतात. रोजच्या जेवणाशिवाय हे पोटात गेले आणि ताप उतरला असेल, तर वजन आठवड्याला अर्ध्या किलोच्या आसपास वाढू शकते. अंडे न खाणारीने फुटाणे, सातूचे पीठ, मोड आलेली मटकी किंवा मूग वाढवावेत. जमेल तिने पेलाभर दूध घ्यावे. खाणारीने सुकट, जवळा, बोंबील घ्यावेत. भाताची पेज काढून टाकू नये, ती डाळ घालून प्यावी. भाकरीवर शेंगदाण्याची चटणी तेल घालून घ्यावी.

तीन वेळा भरपेट जमत नसेल तर दिवसातून सहा वेळा थोडे थोडे खावे. गोळ्यांनी मळमळत असेल तर गोळ्या बंद करायच्या नाहीत. डॉक्टरांना सांगायचे, वेळ बदलून किंवा वेगळे औषध देऊन त्रास कमी करता येतो. जेवणाला लागून चहा पिऊ नये, त्याने अन्नातले लोह अंगी लागत नाही. तासाभराचे अंतर ठेवावे. ‘अंडे उष्ण पडते, दही-केळ्याने कफ होतो, डाळ वातूळ’ हे ऐकून बाईचे एकेक अन्न बंद करत जाऊ नये. ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांनी गूळ टाळावा, आणि किडनीचा आजार असेल तर प्रथिने किती घ्यावीत हे डॉक्टरांना विचारावे. ताप गेला की रोज थोडे चालावे, म्हणजे नुसती चरबी न वाढता मांस भरते.

वजन दर महिन्याला एकाच काट्यावर मोजून लिहून ठेवावे. क्षयाच्या गोळ्या किती द्यायच्या हे वजनावरच ठरते. वजन वाढले की डोसही बदलावा लागू शकतो, तो बदलला का हे विचारावे. व्यवस्थित खाऊनही वजन घटत असेल तर ती धोक्याची घंटा आहे. आणि पायावर सूज येऊन काटा वर गेला तर ते वजन वाढणे नव्हे, त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आता बाजाराबद्दल. आजारी बाईच्या वजनावर टपून बसलेले दुकानदार गल्लोगल्ली आहेत. चकचकीत डब्यातल्या पावडरीत किती प्रथिने आणि किती साखर हे डब्यावरच बारीक अक्षरात छापलेले असते. ते वाचावे आणि तेवढ्या पैशांत किती शेंगदाणे येतात याचा हिशोब मांडावा. पण डबा फक्त खिसा रिकामा करतो. खरा धोका ‘जाड होण्याच्या’ सुट्या गोळ्यांचा. चिठ्ठीशिवाय, पुडीत बांधून मिळणाऱ्या अशा गोळ्यांत पुष्कळदा स्टिरॉइड असते. चार दिवसांत भूक लागते, गाल वर येतात, घरचे खूश होतात. ते भरणे नव्हे, फुगणे असते. स्टिरॉइड रोगाशी लढण्याची शरीराची ताकद कमी करते, साखर वाढवते, हाडे ठिसूळ करते. क्षयरोगात काही वेळा डॉक्टर स्वतः स्टिरॉइड देतात, ती गोष्ट वेगळी. पुडीतली गोळी घ्यायची नाही. लग्न ठरवायचे आहे, पाहुणे येणार आहेत, मुलगी भरलेली दिसली पाहिजे, म्हणून आजारी मुलीला या गोळ्या देणारे आईबाप आहेत. येथेही तिचे वजन तिच्यासाठी नसतेच, बघायला येणाऱ्यांसाठी असते.

हजार रुपयांचे भागाकार

सरकार काहीच करत नाही असे मी म्हणणार नाही. निक्षय पोषण योजनेत एप्रिल २०१८ पासून क्षयरोग्याला उपचार चालू असेपर्यंत दरमहा ५०० रुपये मिळू लागले. १ नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. हा हक्क आहे आणि तो प्रत्येकीने घेतलाच पाहिजे. पण हजाराला तीसने भागा, दिवसाला ३३ रुपये होतात. ३३ रुपयांना घरातल्या पाच माणसांनी भागा, माणशी साडेसहा रुपये. एक अंडे. कारण पाच माणसांच्या उपाशी घरात एकीच्या नावाने आलेले पैसे एकीच्याच पोटात जातील, असे फक्त योजना आखणाऱ्यालाच वाटू शकते. आणि बाईचे स्वतःचे खाते नसले, पैसे नवऱ्याच्या खात्यात गेले, तर भागाकार करायचीही वेळ येत नाही.

२०२२ पासून ‘निक्षय मित्र’ आले. दानशूर व्यक्ती, कंपन्या, मंडळे रुग्णांना पोषण किट देतात. देणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण एका वाटपाच्या कार्यक्रमात बायकांना रांगेत उभे करून, हातात पिशवी देऊन फोटो काढले गेले. दुसऱ्या दिवशी तो फोटो वस्तीतल्या मोबाइलवर फिरला. त्यातल्या एकीची धुण्याभांड्याची दोन कामे गेली. पुढच्या महिन्यात ती पिशवी घ्यायला आली नाही. अन्न हा हक्क मानला तर ते मिळवण्यासाठी चेहरा दाखवावा लागत नाही. दान मानले तर लागतो.

यावर काही कार्यकर्तेही म्हणतात, ‘‘घरात सगळेच उपाशी आहेत. नवराही हमालीच करतो. बाईचे वेगळे काय घेऊन बसलात?’’ म्हणणे अर्धे खरे आहे. घरात सगळ्यांचीच उपासमार असेल तर तिच्या ताटाचे भांडण एकट्या नवऱ्याशी करून सुटणार नाही. पण म्हणूनच झारखंडचा अनुभव महत्त्वाचा. अख्ख्या घराला शिधा द्या, म्हणजे तिच्या वाट्यावर डोळा कोणाचा राहणार नाही, आणि घरातला पुढचा रोगीही टळेल. अर्धे खोटे ते हे की कमी असले तरी वाटणी समान असते. तशी ती नसते, हे आपल्या प्रत्येकीला लहानपणापासून माहीत आहे.

काय मागायचे, काय करायचे?

मागण्या स्पष्ट असाव्यात. एक, क्षयरोग्याच्या संपूर्ण कुटुंबाला उपचार संपेपर्यंत रेशनमधून धान्याबरोबर डाळ आणि तेल मिळाले पाहिजे. अन्न सुरक्षा कायदा धान्यावरच थांबतो, आणि नुसत्या तांदूळ-गव्हाने मांस भरत नाही. दोन, पोषणाचे पैसे बाईच्या स्वतःच्या खात्यात, आणि खाते उघडून देण्याची जबाबदारी आरोग्य खात्याची. तीन, रेशनकार्डावर नाव नाही म्हणून कोणत्याही आजारी बाईला शिधा नाकारायचा नाही, मग ती माहेरी असो की सासरी. चार, किट वाटपाचे फोटो बंद.

पाचवी मागणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते : शिजवलेले जेवण, आणि ते तिथेच बसून खायचे. हे स्वप्नरंजन नाही. आपल्याच राज्याने २०१५ पासून आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचे गरम जेवण द्यायला सुरुवात केली. त्या योजनेत उणिवा आहेत, सेविकांवर कामाचा बोजा आहे, पैसे वेळेवर येत नाहीत. पण तिच्यामागचे तत्त्व पक्के आहे. घरी नेलेली पिशवी वाटली जाते. समोर वाढलेले ताट जिचे तिच्याच पोटात जाते. मग हेच ताट क्षयाच्या, एचआयव्हीच्या, सिकलसेलच्या आजाराने खंगलेल्या बाईला का नाही? बचत गटातल्या बायकांना रास्त मजुरी देऊन हे जेवण वस्तीतच शिजवता येईल. खोकल्यातून संसर्ग होण्याचा काळ असेल तेवढे दिवस डबा घरी पोचवता येईल.

सरकार करील तेव्हा करील. आपल्या मंडळांनी उद्यापासून करण्यासारखे पुष्कळ आहे. बचत गटाच्या बैठकीत हप्ते मोजतो तसा एक वजनकाटा ठेवावा आणि महिन्यातून एकदा ज्यांची इच्छा असेल त्यांची वजने एकांतात घ्यावीत. आकडा दुसरीला कळता कामा नये. आजारी सभासदाच्या घरी दोघींनी जावे, आणि तिच्याशी बोलण्याआधी तिच्या सासूशी आणि नवऱ्याशी बोलावे : पाणी कोण भरणार, दुपारी तासभर ती आडवी पडली तर चालेल ना, तिचे ताट पहिल्या पंगतीला लागेल का? हे प्रश्न तिने विचारले तर ते भांडण होते. मंडळाने विचारले तर त्याची दखल घ्यावी लागते. शेंगदाणे-गूळ एकत्र आणून लाडू वळावेत आणि तिच्या उशाशी डबा ठेवावा, चुलीशी नको. आणि पुरुषांच्या बैठकीत हा विषय काढावा. ज्याच्या आजारात बायकोने अंडी उकडून दिली, त्याला उकळत्या पाण्यात अंडे सोडायला काही अवघड नाही.

यापुढे दवाखान्यात कोणी आजारी बाईला ‘‘खात नाही का?’’ असे विचारले, तर तिच्याबरोबर गेलेल्या कार्यकर्तीने मान खाली घालू नये. तिने शांतपणे उलट विचारावे : घरात किती माणसे आहेत, शिधा किती येतो, पंगतीत ही कितवी बसते, हे तुमच्या केसपेपरवर कुठे लिहायचे? तो रकाना नसेल तर तो छापून घेण्यापासून आपल्या कामाला सुरुवात करू या.